चार गाढवं आणि एक अर्ज

"पण गाढवं चार आहेत ना, बुवा? मग अर्ज बाद!"

विश्वंभरने कागद नरसू कुंभाराला परत दिला. सरकारी औषधोपचाराचे गोरगरिबांचे अर्ज मठात तोच भरायचा. वकिलीच्या परीक्षेत पहिला आलेला. हे तो कुणाला विसरू देत नसे.

नरसूच्या बायकोची, तुळसाची, हृदयाची झडप बदलायची होती. अर्ज मंजूर झाला तर ऑपरेशन फुकट. नाहीतर तेवढे पैसे नरसू कुठून आणणार?

त्याचे गुरू ढुंडीबुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत होते.

"नियम वाच बरं."

"मालमत्तेत राहतं घर धरायचं नाही. धंद्याची साधनं धरायची नाहीत. तीनपेक्षा जास्त जनावरं असली, तर मात्र मदत नाही."

"नरसूचं मडकी घडवायचं चाक कुठे लिहिलंस?"

"साधनांत."

"आणि गाढवं?"

"जनावरांत. चार पाय आहेत त्यांना!"

बुवा उठले. कोपऱ्यातली रिकामी गोणी झटकली आणि विश्वंभरच्या खांद्यावर टाकली.

"नरसूची माती तळ्यावरून येते. आज गाढवांना सुट्टी. तू आण."

"मी...?"

बुवा पुन्हा शेंगा सोलू लागले.

गुरूची आज्ञा. गेला बिचारा! पहिल्या खेपेला ताठ होता, दुसऱ्या खेपेला वाकला. तिसरीला चेहरा लालबुंद, कपडे चिखलाने माखलेले. चारही गाढवं नरसूच्या अंगणात सावलीत उभी राहून निवांत बघत होती. एवढ्या काळजीतही नरसूला हसू आवरेना. दारात बसलेली तुळसा तर तोंडाला पदर लावून हसत होती.

"अहो दादा, टेका जरा. पाणी प्या."

चौथी गोणी टाकून विश्वंभर तिथेच मातीत बसला. आधी धापा टाकल्या. मग गाढवांकडे बघून तोही खो खो हसत सुटला.

नरसूला घेऊन मठात आल्यावर त्याने कागद मागून घेतला. जनावरांचा आकडा खोडला. साधनांत लिहिलं: चाक एक, गाढवं चार.

(अर्ज मंजूर झाला, हे आधीच सांगून टाकतो. उगाच तुमचा जीव टांगणीला नको. तुळसा आज ठणठणीत आहे.)

"पण तालुक्याच्या साहेबांनी विचारलं तर, दादा?" नरसूने भीत भीत विचारलं.

"विचारू देत! मी स्वतः जातो. खांदा दाखवतो त्यांना!"

बुवांनी कागद हातात घेतला, शेवटपर्यंत वाचला. मग नखशिखान्त चिखलाने भरलेल्या शिष्याकडे बघितलं... आणि पेन उघडलं.

"आता तुला रे कुठल्या रकान्यात लिहू?"