आठ जाती, एक खुंटा

टिंबी मुंगीनं तान्ह्या भावासाठी पीठ जपून ठेवलं होतं. चिमूटभरच. वारा आला. भुर्र! पीठ गेलं.

उरला एक दाणा, ज्वारीचा. बाळ आधी रडत होतं. आता रडतही नव्हतं. टिंबीला फार भीती वाटली.

दाणा डोक्यावर घेतला. निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बोरीखाली पीठ दळायची जाती होती. सगळे म्हणाले होते, जाती वाढवा, पीठ वाढेल. मग दोनांची चार केली, चारांची आठ केली. आणि जातं फिरवायचा खुंटा? तो एकच! असा सगळा कारभार.

पहिल्या जात्यावर खारूताई.

"खारूताई, खारूताई, दाणा दळून दे. बाळ माझं उपाशी!"

"जातं आहे, खुंटा नाही गं. ससा खुंटा सोडील, मग मी दळीन. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. शेवटच्या जात्यावर ससा. खुंटा घट्ट धरलेला.

"ससेदादा, ससेदादा, खुंटा सोडा. खारूताई दळेना, बाळ माझं उपाशी!"

"पाळी माझी. कावळा दाणे आणील, मी दळीन, मग खुंटा सोडीन. तोवर नाही."

दळत नव्हता. नुसता धरून बसला होता.

तुरुतुरु, तुरुतुरु. दाण्यांच्या पोत्यावर कावळा.

"काऊदादा, काऊदादा, दाणे आणा. ससा खुंटा सोडीना, खारूताई दळेना, बाळ माझं उपाशी!"

"पोत्याला गाठ आहे. उंदीर गाठ तोडील, मग मी आणीन. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. बिळात उंदीर.

"उंदीरमामा, उंदीरमामा, गाठ तोडा. कावळा दाणे आणीना, ससा खुंटा सोडीना, खारूताई दळेना, बाळ माझं उपाशी!"

"पोट रिकामं, दात चालेनात. खारूताई पीठ देईल, मग मी तोडीन. तोवर नाही."

खारूताई? टिंबी मटकन खाली बसली. तिथूनच तर ती निघाली होती!

"उंदीर गाठ तोडीना, कावळा दाणे आणीना, ससा खुंटा सोडीना, खारूताई दळेना, बाळ माझं उपाशी..."

वाईट कोणीच नव्हतं. सगळे एकमेकांची वाट बघत होते.

टिंबीनं दाण्याकडे पाहिलं. बाळाचा एकुलता एक दाणा. तिला रडू आलं. तरी तिनं तो फोडला. कुट्ट! झाले दोन तुकडे.

"मामा, हा अर्धा तुम्ही खा."

उंदरानं खाल्ला. कुरुम कुरुम. उंदरानं गाठ तोडली. कावळ्यानं दाणे आणले. सशानं दळलं, घर्र घर्र. सशानं खुंटा सोडला. खारूताईनं अर्धा दाणा दळला, घर्र घर्र.

टिंबी पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु! बाळाला पीठ भरवलं. बाळानं चाटलं. थांबलं. आणि मोठ्ठ्यानं रडलं, "आणखी!"

टिंबी इतकी हसली, इतकी हसली!

सकाळी उंदीरमामांनी बोरीची फांदी कुरतडली. सात नवे खुंटे केले. आता आठ जाती, आठ खुंटे. कोणी कोणासाठी अडेना. घर्र घर्र, घर्र घर्र!

अर्ध्या दाण्याच्या बदल्यात टिंबीला मिळालं टोपलीभर पीठ.

बाळाचं पोट भरलं, आपली गोष्टही भरली.