इवलीच्या घराला भोक

एक होती उंदरी. इवलीशी, म्हणून नाव इवली. तिचं घर म्हणजे एक उपडं मडकं. मडक्यात तीन पिल्लं आणि कापसाची मऊ मऊ गादी.

एके सकाळी बघते तर काय? गादी भिजली! वरून दव ठिबकतंय. टिप टिप टिप.

"आई, गार लागतंय!" पिल्लं कुडकुडली.

कासवआजोबा घर तपासायला आले. मडक्यावर ठोकून बघितलं. टक टक टक... फुस्स!

"भोक आहे गं. नुसत्या चिंध्या कोंबल्यात. कुणी केलं हे काम?"

"कावळेदादाने," इवली पुटपुटली.

"त्याने आधी कुणाचं घर नीट केलंय?"

"विचारलंच नाही. किती गोड बोलत होता! विचारायची लाज वाटली."

खार बघत होती. सरडा बघत होता. इवलीचे कान लालेलाल झाले. वाटलं, गादीत तोंड लपवावं. पण गादी तर ओली!

"कुंभारीण माशीकडे जा," आजोबा म्हणाले. "आधी तिचं घर बघ, मग काम सांग. आज पुन्हा दव पडलं, तर पिल्लं आजारी पडतील हो."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

कुंभारीण माशीचं घर मातीचं. इवलीने ठोकून बघितलं. टक टक टक. घट्ट!

"मावशी, मावशी, भोक बुजव ना!"

"घूंऽ घूंऽ! माती कडक आहे. गांडुळाने माती उकरली, तर मी भोक बुजवीन."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"गांडूळदादा, माती उकर ना!
कुंभारीण भोक बुजवीना,
थेंब काही थांबेना!"

"वळवळ वळवळ! माती कोरडी आहे. बेडकाने पाणी शिंपडलं, तर मी माती उकरीन."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"बेडूककाका, पाणी शिंपड ना!
गांडूळ माती उकरीना,
कुंभारीण भोक बुजवीना,
थेंब काही थांबेना!"

"डराँव डराँव! डबक्यावर मोठ्ठं पान पडलंय. खेकड्याने पान ओढलं, तर मी पाणी शिंपडीन."

इवली निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"खेकडेमामा, पान ओढ ना!
बेडूक पाणी शिंपडीना,
गांडूळ माती उकरीना,
कुंभारीण भोक बुजवीना,
थेंब काही थांबेना!"

"कट कट कट! उरलेल्या चिंध्या कावळा इथेच टाकून गेला. माझी नांगी अडकली! कावळ्याने चिंधी सोडवली, तर मी पान ओढीन."

कावळ्याने? इवलीचे पाय हलेनात. तिनेच त्याला काम दिलं होतं. वर सगळ्यांना सांगत सुटली होती, कावळेदादा किती हुशार! आता कुठल्या तोंडाने जायचं?

पण पिल्लं कुडकुडत होती. इवली निघाली. हळू हळू. तुरु... तुरु...

कावळा फांदीवर बसला होता. पंखात तोंड खुपसून.

"कावळेदादा, चिंधी सोडव ना!
खेकडा पान ओढीना,
बेडूक पाणी शिंपडीना,
गांडूळ माती उकरीना,
कुंभारीण भोक बुजवीना,
थेंब काही थांबेना!"

कावळ्याने पंखातून चोच बाहेर काढली. हळूच म्हणाला, "मला भोक बुजवता येतच नाही गं. तू काम सांगितलंस. नाही म्हणायची लाज वाटली."

"मलाही लाज वाटली," इवली म्हणाली. "तुला काही विचारायची."

"मी नाही येत. सगळे हसतील."

"मी आहे ना सोबत. अर्धी लाज तुला, अर्धी लाज मला. चल!"

दोघं निघाली. तुरुतुरु, फडफड. तुरुतुरु, फडफड.

मग काय!
कावळ्याने चिंधी सोडवली, सुटुक!
खेकड्याने पान ओढलं, सर्रर्र!
बेडकाने पाणी शिंपडलं, छपाक!
गांडुळाने माती उकरली, वळवळ!
मडक्यातल्या चिंध्या कावळ्याने स्वतः उपसल्या.
आणि कुंभारीणमावशीने भोक बुजवलं. घूंऽ घूंऽ, लिंपलं लिंपलं, झालं!

तेवढ्यात खार आली. "कावळेदादा, माझ्या घराला दार बसवशील?"

सगळे बघायला लागले. कावळ्याने इवलीकडे बघितलं. इवलीने मान डोलावली.

"नाही," कावळा म्हणाला. "मला येत नाही."

कुणी हसलं? छे! कुणीच नाही.

"बरं झालं सांगितलंस," खार म्हणाली.

दिवस मावळला. बाहेर दव पडलं. आत एक थेंबही नाही. कोरड्या गादीवर तीन पिल्लं, त्यांच्या शेजारी इवली. तिचे कान आता लाल नव्हते.

भोक बुजलं, पिल्लू निजलं. आता तुम्हीही डोळे मिटा बघू!