गिटारच्या पोटातली आडपट्टी

गिटारवरून जनावरांच्या आतड्याच्या तारा उतरून पोलादी तारा चढू लागल्या, त्या काळची ही गोष्ट. एका गिटारच्या पोटात, वरच्या पातळ फळीला सरसाने चिकटवलेली एक लाकडी आडपट्टी होती. पोलादी तारा फळीला सारख्या ओढत, आणि ती सगळी ओढ आडपट्टी आतून सोसत असे.

टाळ्या पडल्या की खर्जाची तार म्हणायची, "ऐकलंत? सगळा आवाज आमचा!"

"आणि मी आत झोपा काढते का?" एकदा आडपट्टी भडकली. "जरा सैल व्हा गं. फळीला चीर पडायला आलीय."

"ए अंधारातले, तुला विचारतंय कोण?" तारा खिदळल्या. "तुझं तोंड तरी कुणी पाहिलंय का?"

आडपट्टीच्या अंगाचा तिळपापड झाला. सोसायचं हिने आणि मिरवायचं त्यांनी! ती फळीला म्हणाली, "बाई, तुला तडा जाण्याआधी मीच सुटते." आणि ऐन मैफलीत तिने सरस सोडला. फळी वाकली. तारा खडखडल्या आणि मुक्या झाल्या.

गिटार दुरुस्तीला आल्यावर कारागिराने आत डोकावून पाहिलं आणि हाताखालच्या पोरांना सांगितलं, "पट्टी सुटलीय. आधी या तारा काढून टाका."

"आम्हाला? अहो, आवाज आमचा आहे!" ओरडत ओरडत तारा केरात गेल्या.

आडपट्टीला ताजा सरस लागला. नव्या तारा आल्या आणि तोऱ्यात ताणू लागल्या, तेव्हा आतून कडक आवाज आला, "बेतानं ओढा, बायांनो. आत माणसं राहतात."