उंबऱ्यावरचा जस्तोजी

दिव्याच्या बॅटरीत डोकावून बघायला कुणाला सवड नव्हती, त्या काळची गोष्ट. बॅटरीतल्या पाण्यात विजेची ओझी वाहणारे दोन हमाल राहायचे. जस्तोजी जस्ताचा, धिप्पाड, दोन ओझी उचलणारा. चिंगी पाण्याचीच लेक, एवढीशी, एका ओझ्याची. पलीकडं कोळशाच्या कुळातली एक पाटी होती. ओझं तिच्या पोटात गेलं की दिवा लागायचा.

पाटीचं दार अरुंद, आणि जस्तोजीभोवती सदा पाण्याचा लवाजमा. "लवाजमा सोडून आत शिरू? मग माझा आब काय राहिला?" असं म्हणत तो उंबऱ्यावरच बसून राही. ओझी आत नेई ती चिंगी.

"पाटीमावशी, कुणी विचारलं तर माझं नाव सांगशील ना?"

"सांगीन गं बाई."

एके दिवशी कारागिरानं बॅटरी उघडली. उंबऱ्यावर जस्ताचा पांढरा थर दिसला. "वा! सगळं काम जस्ताचंच," म्हणत त्यानं झाकणावर जस्ताचं नाव कोरलं.

चिंगीनं पाटीकडं पाहिलं. पाटीनं मान खाली घातली. दारात जस्तोजी बसला होता ना, त्याच्यादेखत ती कशी बोलणार?

"बघतेस काय?" जस्तोजी खेकसला. "दिवा लावायचाय. उचल ओझं."

चिंगीनं उचललं.