वळणावरचा जादा थर

एका घाटाखालच्या गावात तिम्मव्वा नावाची मुकादम होती. रस्त्याच्या कामात तिची हयात गेलेली. शाळेची पायरी चढली नाही, पण तिनं बोटानं सांगितलेलं माप साहेबाच्या टेपलाही कबूल करावं लागे.

त्या साली घाटात नवलाचा रस्ता झाला. डांबराखाली तारांची वेटोळी पुरली. वरून विजेची बस गेली की चालता चालताच तिची बॅटरी भरायची. माथ्यावरच्या वाडीत सात आजारी होते. त्यांना डायलिसिसला नेण्या-आणण्यासाठीच ही बस. अट एकच, वेटोळ्यांवर डांबर दोन बोटंच हवं. जास्त झालं की वीज बसपर्यंत पोचत नाही.

उद्घाटनाला मंत्री येणार ठरलं आणि पाहुण्यापुढे चकचकाट करायची गावाची जुनी खोड वर आली. सरपंच दौलतरावांनी दुसरी टोळी आणून ऐन चढाच्या वळणावर डांबराचा आणखी एक जाड थर चढवला.

"सरपंच, वीज अडली. थर काढा," तिम्मव्वा म्हणाली.

"मावशी, मंत्री काय रस्ता खणून बघणार आहेत? बस डेपोतून भरून आणलीय. उद्या आरामात चढेल."

"उद्या चढेल. सोमवारी आजारी न्यायचे तेव्हा?"

"सोमवारचं सोमवारी. थराला हात लावलास तर मुकादमकी गेली समज."

तिनं पहार उचलली आणि तडक वळणावर जाऊन थर उचकटायला लागली. तिच्या टोळीतली एक बाई म्हणाली, "आक्का, काम जाईल."

"जाऊ दे. माझ्या रस्त्यावर बस बंद पडलेली मला चालायची नाही."

त्या बाईनं पदर खोचला. मागोमाग सगळ्या उठल्या.

मंत्री आले तेव्हा अर्धं वळण खरवडलेलं, अर्धं आरशासारखं. सरपंच सारवासारव करू लागले. तिम्मव्वा मध्येच म्हणाली, "साहेब, भरलेली बस कुठंही चढते. खाली उभी आहे ती चाचणीची, बॅटरी उतरलेली बस घ्या."

मंत्री तिच्यात बसले. खरवडलेल्या रस्त्यावर चालक म्हणाला, "चार्जिंग चालू." चकचकीत भाग आला. "बंद," तो म्हणाला, आणि बस मंत्र्यांसकट चढावर थांबली.

मंत्री खाली उतरले. "दौलतराव, सत्कार राहू द्या. आधी हे काढा."

तिम्मव्वानं सरपंचांपुढे पहार धरली. "घ्या. तारांना लागू देऊ नका."

त्या आठवड्यात सातही आजारी बसनं खाली गेले आणि बसनंच घरी परतले.

तात्पर्य: घटकाभराच्या पाहुण्यासाठी रोजच्या माणसाची वाट अडवू नये, आणि आपल्या हातचं काम डोळ्यांदेखत बिघडताना जो गप्प बसतो, तो त्या पापाचा वाटेकरीच.