अंबूआक्काची पट्टी

फार फार वर्षांपूर्वी, मोटारीचा धूरही कुणी पाहिला नव्हता तेव्हा, आमच्या वाघजळ गावात अंबूआक्का नावाची सुईण होती. गावातलं लहानथोर सगळं तिच्याच हातांवर जन्मलेलं. तिचा हात पोटावरून फिरला की आडवं मूल आपणहून सरळ व्हायचं, असं म्हणतात.

गावातून बाजाराला जाणारी एक गाडीवाट होती. जुनी आणि चांगली रुंद. पण आमच्या माणसांना बांध कोरायची भारी खोड. दरवर्षी नांगरताना जो तो वाटेकडे थोडा सरकायचा आणि वर समोरच्याकडे बोट दाखवायचा. असं करता करता वाट इतकी चिंचोळी झाली की समोरासमोर आलेल्या गाड्या शिंगाला शिंग लावून उभ्या राहायच्या. एकदा दोन वराती अशा अडकल्या की त्यांनी चुली तिथेच मांडल्या, असं म्हणतात. लोक हसायचे.

एका पावसाळ्यात मात्र ते हसू थांबलं. पलीकडच्या वस्तीवर पारू नावाची बाई बाळंतपणात अडली होती आणि आक्काची गाडी वाटेत रुतून बसली. पुढून दुसरी गाडी, दोन्हीकडे काट्यांची कुंपणं. आक्का चिखल तुडवत पोचली तोवर उशीर झाला होता. मूल वाचलं, पारू गेली. आक्का ढसाढसा रडली. तिला रडताना गावाने पहिल्यांदाच पाहिलं आणि सगळ्यांना फार वाईट वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून बांध काही मागे सरकले नाहीत.

पुढे सरकारने ठरवलं, या वाटेची मोठी सडक करायची. मोजणीदार साखळी घेऊन आले, दोन्ही बाजूंची जमीन लागेल म्हणाले आणि खुंट्या ठोकून गेले. सकाळी पाहतात तर डावीकडच्यांनी खुंट्या उजवीकडच्या शेतात नेलेल्या. दुसऱ्या सकाळी त्याच्या उलट. त्या वाकड्यातिकड्या खुंट्यांवरून सडक झाली असती तर बैलांना घेरी आली असती! मोजणीदार वैतागले.

"बाजाराच्या दिवसापर्यंत एकमत करा, नाहीतर सडक नदीपलीकडून नेतो," म्हणाले.

हे ऐकलं आणि आक्काने पदर खोचला. ती थेट हैबती शिंगाडेच्या शेतावर गेली. गावातला सगळ्यात हट्टी माणूस हाच.

"हैबत्या, कुंपण मागं घे."

"आक्के, माझीच जिमीन दिसती व्हय तुला?"

"तुझ्या पाचवीला सटवाई कपाळावर नशीब लिवाय आली, तवा दिवा म्याच धरला हुता. ह्यो सडकंला जिमीन दील, असं लिवलंय तिनं."

"तुला कुठं वाचाय येतंय?"

"न्हाई येत. पर सटवाई लिवताना बोलत हुती न्हवं!"

सगळं शिवार हसलं. हैबतीने मात्र कपाळ चाचपून पाहिलं आणि मुकाट्याने कुंपण मागे घेतलं. सटवाईला खोटं कोण पाडणार? मग आक्का दोन्ही हात पसरून वाटेच्या मधोमध चालू लागली. चालता चालता तिचे हात लांब लांब होत गेले आणि तिची बोटं लागतील तिथली बाभळीची कुंपणं आपणहून मागे सरली, असं म्हणतात. मोजणीदारांनी साखळी गुंडाळली आणि ते तिच्या बोटांच्या टोकाशी खुंट्या ठोकत निघाले.

शेवटी सगळे आक्काच्याच शेताशी आले. एवढासा तुकडा, सगळाच सडकेत जाणार होता.

हैबतीने हळूच विचारलं, "आक्के, तुझ्या कपाळावर काय लिवलंय गं?"

"म्या रानात जल्मले. आई येकटीच हुती, दिवा धराय कुणी न्हवतं," आक्का म्हणाली. "काय लिवलं ते कुणी आयकलंच न्हाई. तवा माझं मलाच ठरवाय लागंल."

असं म्हणून तिने मोजणीदाराच्या हातातली खुंटी घेतली आणि आपल्या शेतात स्वतः ठोकली. हैबती तिथेच लहान पोरासारखा रडला. त्यानंतर आक्का रोज एका घरी जेवायला जायची आणि प्रत्येक घर म्हणायचं, आज आमच्याकडेच या.

आता तिथून मोठा हमरस्ता जातो आणि तोही पुन्हा रुंद व्हायचा आहे. अजूनही वाघजळात पेरताना रस्त्याला लागून थोडी जागा मोकळी सोडतात. तिला आक्काची पट्टी म्हणतात आणि तिथलं गवत कुणाच्याही शेळीने खावं. बाळंतपणाला निघालेली गाडी आली की समोरचा उसाचा ट्रॅक्टर बेधडक पट्टी ओलांडून उभ्या पिकात शिरतो. अशा वेळी शेताचा मालकच बांधावरून हात हलवत ओरडतो, "घाला आत, घाला! आदी तिला जाऊ द्या!"