शिंप्याची जागा आणि तांबटाचं तपेलं

फार मागची गोष्ट आहे. इतकी मागची, की तेव्हा नदीवर पूल नव्हता आणि पलीकडे जायचं तर म्हातारी नावाडीण वल्हं मारत नेईल तेव्हाच जायचं. लहानांनी नीट ऐका, आणि मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐका.

त्या नदीकाठच्या गावात एक शिंपी राहत होता. हाताला सफाई, नजर बारीक, बोलायला गोड. अमावास्येला गावातले कारागीर हत्यार हातात धरत नसत. त्या दिवशी शिंपी सुई ठेवायचा, तांबट हातोडा ठेवायचा, आणि दोघं गळाच्या काठ्या घेऊन नदीवर जायचे. पोटासाठी नव्हे हं, मौजेसाठी. पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या देठाकडे बघत बसायचं, देठ बुडाला की झटका द्यायचा, आणि मधल्या वेळात गावभरच्या गप्पा. अठरा वर्षं दोघं असे शेजारी शेजारी बसत आले होते. तांबट वरच्या अंगाच्या खडकावर, शिंपी त्याच्या खालच्या खडकावर.

त्या घाटाचा एक रिवाज होता. प्रत्येकाने आपल्या जागी चारा लावायचा. म्हणजे रोज संध्याकाळी पेंड आणि कोंडा भिजवून त्याचे गोळे पाण्यात टाकायचे. मासे त्या जागेला सवकतात, मग अमावास्येला तिथे गळ टाकायचा. एकाने चारा लावलेल्या जागेला दुसऱ्याने हात लावायचा नाही. लावलाच, तर ज्याची जागा त्याने चोराची काठी चारचौघांत गुडघ्यावर मोडायची, आणि त्या चोराने पुन्हा जन्मात त्या घाटावर बसायचं नाही. एवढा कडक रिवाज. म्हणून कुणी कुणाच्या वाटेला जात नसे.

एका वर्षी काय झालं, शिंप्याला मासे मिळेनासे झाले. एक अमावास्या गेली, दुसरी गेली. देठ हलायचा नाही. तिकडे तांबटाच्या टोपलीत मात्र मरळ काय, वाम काय, शेपट्या आपटत असायच्या.

शिंपीण प्रत्येक अमावास्येला खोबरं-लसणीचं वाटण करून ठेवायची आणि शेवटी त्यात वांगी सोडायची.

"तुम्ही मासे धरायला जाता की त्यांना जेवू घालायला?" ती म्हणाली.

शिंप्याला ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्याने पेंड दुप्पट केली. तेल्याच्या घाण्यावरून डोक्यावर पाटी घेऊन यायचा आणि सगळी पाण्यात ओतायचा. त्याची जागा खडकांच्या बेचक्यात होती. पाणी संथ. टाकलेलं तिथेच बसायचं.

तांबट ते बघायचा. एकदा म्हणाला, "शिंप्या, चारा जरा कमी टाक रे."

"का?"

"मासा भुकेला असला तर गळाला येतो. पोट भरल्यावर कशाला येईल?"

शिंपी हसला, पण घरी जाताना वाटेत त्याचं हसू विरलं. याच्या टोपलीत मासे, आणि हा मला सांगतो कमी टाक? म्हणजे माझ्याकडचे सगळेच मासे याच्याकडे जावेत. वा रे शहाणा.

त्याने पेंड तिप्पट केली.

आता एकदा मनात शंका शिरली की ती काही रिकामी बसत नाही. तिसरी अमावास्या कोरडी गेली आणि शिंप्याला एकेक गोष्ट दिसायला लागली. एके दिवशी भर दुपारी तांबट घराकडे आला तर त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. कशाला ओलं? दुसऱ्या दिवशी तांबट शिंप्याच्या ओट्यावर पान खायला बसला, तेव्हा त्याच्या हाताला पेंडीचा वास आला. त्याच्या घरी तर म्हैससुद्धा नव्हती. आणि हल्ली तो नदीवर जाताना झाकणाचं एक तांब्याचं तपेलं नेऊ लागला होता. येताना ते जड असायचं. शिंप्याने एकदा सहज विचारलं, "काय आहे रे त्यात?"

"काही नाही रे, घाण आहे," म्हणून तांबट पुढे गेला.

घाण कुणी झाकण लावून नेतं का, तुम्हीच सांगा. शिंप्याला तर रात्री जेवण गोड लागेना.

"अहो, मग त्यांनाच सरळ विचारा की," शिंपीण म्हणाली. "शेजारीच तर राहतात."

"विचारलं की तो सावध होईल."

"इतकी वर्षं एका पानाच्या डब्यातून खाताय."

"म्हणूनच तर. त्याला माझी सगळी जागा ठाऊक आहे."

ती वांगी चिरायला लागली.

शिंप्याने मग शिंप्याचीच युक्ती केली. दुकानातला बारीक लाल धागा घेतला आणि आपल्या जागेच्या दोन खडकांमध्ये पाण्याच्या जरा वर ताणून बांधला. पाण्यात उतरणाऱ्याला दिसू नये, पण त्याच्या पायाने तुटल्याशिवाय राहू नये, असा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाऊन बघतो तर धागा तुटलेला. आणि तांबटाच्या अंगणात वाळत घातलेल्या धोतराच्या काठाला वीतभर लाल धागा चिकटलेला.

आता काय राहिलं होतं?

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी शिंपी दुकान बंद करून नदीवर गेला आणि करंजाच्या झाडामागे उभा राहिला. सगळं गाव झोपलेलं. थोड्या वेळाने तांबट आला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात तपेलं. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. गळाच्या काठीने तळ चाचपला, ती खडकाला टेकवली, धोतर वर खोचलं आणि सरळ शिंप्याच्या बेचक्यात उतरला. वाकून दोन्ही हातांनी पाण्याच्या तळाचं काहीतरी उपसून तपेल्यात भरू लागला.

शिंप्याने झाडामागून येऊन त्याचं मनगट धरलं.

"सापडलास."

तांबट दचकला. मग म्हणाला, "अरे, तू होय? हात सोड, भांडं सांडेल."

"सांडू दे. लोकांनाही कळू दे काय आहे ते."

शिंप्याचा आवाज चढला तशी घाटावर माणसं जमली. कुंभार आला, तेली आला, धुणं टाकून बाया आल्या. नाव खुंटीला बांधून नावाडीणही आली. तिला सगळे मावशी म्हणायचे, आणि घाटावरचा निवाडा तिच्याकडेच असायचा.

"काय रे, कशाचा कालवा?" मावशीने विचारलं.

"मावशी, तुम्हीच बघा. माझ्या चाऱ्याच्या जागेत उतरलाय. रोज उतरतो. धागा बांधला होता मी, तो याच्या धोतराला सापडला. माझा चारा उपसून स्वतःच्या जागी नेतोय."

मावशी तांबटाकडे वळली. "उतरलास का रे त्याच्या जागेत?"

"उतरलो."

"भांड्यात त्याचाच चारा आहे?"

"त्याचाच."

लोकांत कुजबुज झाली. तेली म्हणाला, "आता अजून काय विचारायचं?"

"भांडं उघड," मावशी म्हणाली.

तांबटाने झाकणावर हात ठेवला. "नको मावशी. इथे नको." मग शिंप्याकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "घरी चल. तुला एकट्याला दाखवतो."

आता बघा, ज्याच्या डोळ्याला शंका लागली त्याला हे वाक्य कसं ऐकू येईल? शिंप्याला वाटलं, हा मला गुपचूप पटवायला बघतोय. माशांचा वाटा देतो म्हणेल, पाया पडेल.

"एकट्याला कशाला? रिवाज चारचौघांतला आहे," तो म्हणाला.

"शिंप्या, थांब जरा," मावशी म्हणाली.

तो थांबला नाही. खडकाला टेकवलेली तांबटाची काठी त्याने उचलली. बांबूची काठी ती. पहिल्या दोन वर्षांत तांबटाने तिला तेल पाजून पाजून वळण दिलं होतं, आणि पुढची सगळी वर्षं त्याच्या तळहाताने तिला चकाकी आणली होती. शिंप्याने ती गुडघ्यावर घेतली आणि मोडली. आवाज मोठा झाला. पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

तांबटाने झाकणावरचा हात काढला.

तेव्हा मावशीने वल्ह्याच्या टोकाने तपेल्याचं झाकण उडवलं.

असा भपकारा सुटला की बायांनी पदर नाकाला लावले. तपेल्यात आंबून काळीनिळी झालेली, बुरशी धरलेली पेंड होती. बुळबुळीत गोळे. त्यात मेलेले बारके मासे.

"ही तुझीच पेंड ना?" मावशीने शिंप्याला विचारलं.

शिंपी वाकून बघत राहिला. "माझीच."

"तळाशी सडलीय ही. या वासाला मासा फिरकेल?" मग तांबटाला म्हणाली, "आणि तू ही नेऊन करतोस काय?"

"परसातल्या केळीला घालतो. इथे काठावर टाकली असती तर त्याला दिसली असती, वाईट वाटलं असतं त्याला. तीन अमावास्या झाल्या, घरी रिकाम्या हाताने जातोय. म्हटलं, तळ साफ झाला तर उद्या त्याला एखादा तरी मासा मिळेल."

शिंप्याच्या हातात काठीचे दोन तुकडे तसेच होते. ते खाली कसे ठेवावेत हे त्याला कळेना.

"मला सांगायचंस की," तो पुटपुटला.

"कमी टाक म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तू तिप्पट टाकलीस. म्हटलं, बोलून भागत नाही तर हाताने करावं."

तेल्याने गुपचूप काढता पाय घेतला. पेंड त्याच्याकडूनच तर जात होती.

"मावशी, आता काय करायचं?" शिंप्याने विचारलं. "माझी काठी मोडा. मी इथे बसणार नाही."

"तसा रिवाज नाही," मावशी म्हणाली. "चोर नसलेल्याची काठी मोडली तर काय करायचं, हे या घाटावर कुणी ठरवलेलंच नाही. झाकण उघडायच्या आधी आजवर कुणी काठी मोडली नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंपी आपली स्वतःची काठी घेऊन तांबटाच्या दारात उभा राहिला. तांबटाने त्याला आत बोलावलं, बसायला पाट दिला, पाणी दिलं. काठी मात्र घेतली नाही.

"बांबू काय, बेटात पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "नवी करीन. पण शिंप्या, तू काठी उचललीस तेव्हा मला वाटलं होतं, मोडायच्या आधी एकदा माझ्याकडे बघशील. तू बघितलंच नाहीस."

शिंप्याने मान खाली घातली.

"राग नाही रे माझा," तांबट म्हणाला. "पण आता तुझ्या शेजारी बसलो तर दर वेळी पाण्यात हात घालताना मला आधी मागे बघावं लागेल. तसं बसण्यात काय मौज?"

तांबटाने नवी काठी केली आणि तो नदीच्या वरच्या वळणावर बसायला लागला, तिथल्या चिंचेखाली. घरं शेजारी राहिली, रामराम राहिला, दिवाळीचा फराळही इकडून तिकडे गेला. घाटावरची बैठक तेवढी मोडली ती मोडलीच.

शिंप्याने आपला तळ स्वतःच्या हाताने उपसून साफ केला. चारा मूठभर टाकू लागला. दोन महिन्यांनी देठ बुडाला, आणि हातभर लांबीची मरळ वर आली. शिंप्याने ती उंच धरली, वरच्या खडकाकडे वळला, आणि "बघ रे" म्हणायला उघडलेलं तोंड तसंच मिटलं. त्या खडकावर कुणी बसत नव्हतं. तांबट नाही, आणि दुसरंही कुणी नाही. एवढंच काय, शिंप्याच्या जवळून जाताना माणसं आपापल्या टोपल्यांची, भांड्यांची झाकणं न विचारता काढून दाखवू लागली होती. तो म्हणायचा, "अहो, राहू द्या." तरी दाखवायचीच.

ऐकलंत ना सगळ्यांनी? मग मनात एवढं धरून ठेवा: आपल्या पाण्यात चोर उतरलाय असं वाटलं, तर आधी त्या पाण्यात आपण काय टाकलंय ते बघावं.